नेढ्यापाशी सोडलेली जागा

१

चाळीस वर्षं मिस्त्रींनी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर माश्या बांधल्या. खऱ्या माश्या नव्हेत. गळाला पिसं, लोकर, रेशमी दोरा गुंडाळून किड्यासारखं आमिष करतात, त्याला गळ टाकणारे लोक माशी म्हणतात. बोटाच्या पेराएवढं काम. जेवायची वेळ झाली की सगळा पसारा डब्यात भरायचा, ताटं उचलली की पुन्हा मांडायचा. एखादं पीस चुकून पातेल्यात जायचं. मग बायको वाढताना म्हणायची, "आज कोंबडी न आणताच कोंबडी झाली म्हणायची."

ती असं बोलायची त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

मिस्त्री म्हणजे कारखान्यातले टर्नर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. शाळा चौथीपर्यंत. पण लेथवर केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरू दिली नव्हती. बोलणं मोजकं. चांगल्या कामाला ते काही म्हणत नसत. वाईट कामाला म्हणत.

घराची मागची खोली त्यांच्या धाकट्या मुलाची. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो काठी आणि माश्यांची डबी घेऊन नदीवर गेला. वीस वर्षांचा होता. काठी सापडली, झाडाला नीट टेकवून ठेवलेली. तो सापडला नाही.

त्यानंतर तीन वर्षं मिस्त्रींच्या बायकोनं मागच्या दाराला कडी घालू दिली नाही. सबंध दुपार ती त्या खोलीच्या खिडकीत बसायची. दोनदा मिस्त्रींनी तिला नदीतून हाताला धरून बाहेर आणलं. पहिल्या वेळी पाणी गुडघ्याला होतं, दुसऱ्या वेळी कमरेच्या वर. मग कधीतरी ती खिडकीतून उठली, भाजी निवडू लागली, शेजारणीशी दोन शब्द बोलू लागली. मिस्त्री मात्र तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून असत. आयुष्यात राखायचं असं त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

म्हणून ती एका सकाळी आपणहून म्हणाली, "अहो, ती मागची खोली घ्या तुम्हाला. मांडा तुमचं टेबल तिथं," तेव्हा मिस्त्रींनी हातातला कप खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"नक्की?"

"मग काय, माझ्या भाजीत पिसं घालत बसणार जन्मभर?"

ती हसली नाही. पण हसण्याच्या जवळ आली होती.

२

टेबल त्यांनी स्वतः केलं. उंची आपल्या कोपरावरून ठरवली. पुढच्या कडेला पोट बसेल असा अर्धगोल कापला, कडेनं बारीक पट्टी ठोकली, म्हणजे गळ घरंगळून पायात जायला नकोत. खिडकी डाव्या हाताला घेतली, कारण काम करणाऱ्या हाताची सावली कामावर पडता कामा नये. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत नंबरवार गळ भरले. कोंबड्याच्या मानेची पिसं रंगाप्रमाणं लावली, मोरपिसाच्या काड्या काचेच्या नळीत ठेवल्या. मेणाची गोळी, तीन कात्र्या, दोऱ्याची रिळं. मधोमध लहान व्हाइस, गळ पकडायला. तो त्यांनी ऐन तरुणपणी कारखान्यात जेवणाच्या सुटीत बनवला होता. त्याच्यामागे पांढरा पुठ्ठा, म्हणजे बारीक काम नजरेत भरतं.

धाकट्याचे कपडे बायकोनं स्वतः पेटीत भरले. पेटी आपल्या खाटेखाली सरकवली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली. मिस्त्रींनी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही तुमच्या पिसांचं बघा."

पहिल्या दिवशी मिस्त्री तिथं नुसतेच बसले. काही बांधलं नाही. सगळं हाताशी होतं, काहीही उचलून ठेवायचं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या बापानं त्यांना पहिला गळ दिला होता तेव्हा असं वाटलं होतं. संध्याकाळी त्यांनी व्हाइसचा जबडा पुसला, तेलाचा एक थेंब दिला आणि तो मिटला. कारखान्यातली सवय. पाळी संपली की जबड्यात काम सोडून जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबड्यात एक गळ होता.

त्यावर राखाडी लोकर गुंडाळली होती, शेपटीला दोन पिसं. काम बेंगरूळ. दोरा कुठं सैल, कुठं ढीग. आणि लोकर थेट गळाच्या नेढ्यापर्यंत येऊन ठेपली होती. ज्या नेढ्यातून तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, ओवायचा तेच बुजलं होतं. शेवटची गाठ मारायला जागाच उरली नव्हती, म्हणून दोरा तसाच लोंबत होता.

नवशिके हीच चूक करतात. सुरुवातीला भरभर गुंडाळत सुटतात आणि पुढं जागा पुरत नाही. धाकटा तर दर वेळी करायचा.

मिस्त्री खुर्चीत बसले. काल आपणच बसल्या बसल्या हात चालवला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. वय झालं. गेल्या महिन्यात चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधला होता. पण हात इतका बिघडला असेल हे त्यांना पटेना. त्यांनी ब्लेड घेतलं, दोरा कापला, लोकर उलगडली. लोकर ओलसर होती.

गळ बाटलीत परत टाकताना त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नेढ्यापाशी जागा सोड. किती वेळा सांगायचं?"

खोलीत कुणी नव्हतं. आपलाच आवाज त्यांना जरा मोठा वाटला.

३

तिसऱ्या दिवशी पुन्हा गळ होता. तीच राखाडी लोकर. ह्या वेळी नेढ्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडलेली होती आणि तिथं गाठ मारलेली होती.

मिस्त्रींनी भिंग लावून ती गाठ बघितली. मग भिंग खाली ठेवलं आणि खिडकीची कडी बघितली. लागलेली होती. दार रात्री त्यांनीच ओढून घेतलं होतं. लावलेला तर्क एकही टिकेना. आपणच झोपेत उठतो म्हणावं, तर अंधारात ह्या डोळ्यांना गळ दिसत नाही. बायको करते म्हणावं, तर तिनं आयुष्यात कधी गळाला हात लावला नव्हता. तिला त्याच्या टोकाची भीती वाटायची.

त्यांनी ती माशी उलगडली नाही. डबीत ठेवली. अन् बराच वेळ व्हाइससमोर बसून राहिले. शेवटी घसा साफ करून, इकडं तिकडं न बघता, म्हणाले, "शेपूट लांब झालंय. गळाच्या दांडीएवढं बास."

बोलल्यावर त्यांना लाज वाटली. म्हातारा माणूस भिंतीशी बोलतो.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी तो आवाज ऐकला. जेवणं झाली होती, गल्ली आडवी झाली होती, उन्हानं सगळ्यांचे पडदे ओढलेले. मिस्त्री आपल्या खाटेवर, बायको समोर तिच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मागच्या खोलीतून टिक् असं वाजलं. मग टिक् टिक्. मग थोडं थांबून पुन्हा.

हा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता. दोऱ्याचं रीळ पितळी नळीत बसवलेलं असतं. गुंडाळताना ती नळी व्हाइसच्या दांड्याला हलकेच लागते. चांगल्या हाताची लय सारखी असते. ही सारखी नव्हती. चार वेढे भरभर, मग थांबा, मग दोन सावकाश. माणूस जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून करत असावा तशी. धाकटा तशीच जीभ धरायचा. "जीभ आत घे, दोऱ्याबरोबर बांधली जाईल," असं मिस्त्री म्हणायचे, आणि तो हसायचा, आणि हसला की दोरा तुटायचा.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. तिची पाठ श्वासानं वर-खाली होत होती. म्हणजे ती नव्हती. त्यांनी उठून जाऊन बघायला हवं होतं. पाय खाली सोडलेसुद्धा. पण आवाज थांबला तर, असं वाटलं आणि ते पुन्हा आडवे झाले. डोळे मिटून ऐकत राहिले. नऊ वर्षांत इतकी गोड दुपार त्यांना मिळाली नव्हती.

सकाळी शेपूट दांडीएवढं होतं.

४

त्यानंतर महिनाभर मिस्त्री शिकवत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

सकाळी येऊन बघायचं, भिंग लावायचं, एकच चूक सांगायची. धाकट्याला ते एका दमात दहा सांगायचे. आता एकच सांगत. "दोऱ्याला मेण कमी पडलंय." "पीस उलट्या बाजूनं धरलंस." "वेढ्याला वेढा चिकटून हवा, अंतर नको." आणि दुपारी पडल्या पडल्या ऐकायचं. टिक् टिक् टिक्. लय सुधारत चालली होती.

गळ मात्र बदलत होते. पहिले चार त्यांच्याच बाटल्यांतले. मग एक आला तो बोटभर लांब, काळा, कुठल्याच बाटलीतला नव्हता. त्याचा उलटा काटा शाबूत होता. मिस्त्री आपल्या प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकत, म्हणजे मासा सोडून देताना त्याचं तोंड फाटत नाही. असा काटा त्यांच्या घरात असायला नको होता. त्यांनी तो बघितला आणि त्याबद्दल काही म्हटलं नाही. पोरगं आत्ता कुठं हाताला लागलं होतं.

घरही बदललं होतं. बायको ओट्याशी गुणगुणू लागली. धाकटा रांगत होता तेव्हाचं काहीतरी, शब्द नसलेलं. केसांना तेल लावू लागली. एकदा तर मिस्त्रींच्या ताटात मुद्दाम कोंबड्याचं पीस ठेवून तोंडाला पदर लावून उभी राहिली.

थोरलीचा फोन आला. ही त्यांची मुलगी. लांब दिलेली, रविवारी फोन करायची.

"बाबा, आई हसली! फोनवर! काय जादू केलीत?"

"टेबल केलं."

"टेबल?"

"टेबल."

"तुम्ही पण ना, बाबा. एक वाक्य जास्त बोललात तर सरकार कर लावणार आहे का?"

मिस्त्रींनी फोन बायकोकडे दिला. ती पुन्हा हसली. ते मागच्या खोलीत गेले.

जबड्यात माशी होती. राखाडी अंग, त्यावर निळ्या सुताचे वेढे, एकासारखा एक. शेपटीत पिसाच्या जोडीला चार काळे केस. गळ्याशी अगदी बारीक पिवळी कडी. डोकं लहान, गाठ दिसतसुद्धा नव्हती. पुठ्ठ्यासमोर ती जिवंत असल्यासारखी वाटत होती. बघितली की हात पुढं व्हावा अशी.

धाकट्यानं शेवटची माशी बांधली त्या संध्याकाळी मिस्त्रींनी ती स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरली होती. "ही बघून मासे हसतील," असं म्हणाले होते. धाकटा म्हणाला होता, "उद्या बघा." दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला. हे त्यांनी बायकोला, थोरलीला, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींनी भिंग खिशात घातलं.

"जमलं," ते म्हणाले. "एक नंबर जमलं, बाळा."

५

इतकी चांगली माशी कुणाला तरी दाखवल्यावाचून त्यांना राहवेना. त्यांनी ती डबीत घातली आणि चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाला त्यांचा जुना दोस्त. तीस वर्षं दोघं एकाच काठावर बसलेले.

चष्मेवाल्यानं डोळ्याला दुर्बिणीसारखी काच लावली आणि माशी उजेडात धरली.

"कुणी बांधली?"

"मी."

"गप्प बस. तुझ्या मी लाख बघितल्यात. ही तुझ्याहून बरी आहे."

मिस्त्रींना राग यायला हवा होता. छाती भरून आली.

"पण मिस्त्री, एवढा गळ? एवढा मासा आपल्या नदीत कुठाय? कशासाठी आहे ही?"

"कशासाठी म्हणजे?"

"म्हणजे काय, मला विचारतोस? सगळ्यांना तूच तर डोस पाजतोस. आधी बघायचं, मासा काय खातो. मग तेच बांधायचं. हे असलं," चष्मेवाल्यानं माशी बोटांत फिरवली, "राखाडी, निळं, पिवळं. असला किडा मी कुठल्याच पाण्यावर बघितला नाही. हे खाणारं कोण?" त्यानं काच जवळ नेली. "आणि केस माणसाचे आहेत रे."

"कोंबड्याचं पीस आहे ते," मिस्त्री म्हणाले आणि डबी हिसकावून घेतली.

"बरं बाबा, कोंबड्याचं," चष्मेवाला म्हणाला. मिस्त्री पायरी उतरेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत होता. काच अजून डोळ्यालाच होती.

वाटेत मिस्त्रींनी चिमट्यानं गळ्याशी असलेला पिवळा धागा थोडा ओढून काढला. राखाडी लोकर त्यांनी केव्हाच ओळखली होती; तो धाकट्याचा स्वेटर. निळं सूत त्याच्या शर्टाचं. केसांचा त्यांनी विचार केला नव्हता. पण पिवळं काही त्यांना आठवेना. त्यांच्या आठवणीत धाकट्याचं पिवळं असं काहीच नव्हतं.

६

बायको मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मिस्त्रींनी तळहातावर धागा ठेवून तिच्यापुढं धरला. गळ नाही. नुसता धागा.

"हे कशातलं?"

तिनं एकदाच बघितलं. "टोपड्यातलं. त्याच्या पहिल्या. मी विणलं होतं, सातवा महिना होता तेव्हा. तुम्ही तेव्हा रात्रपाळीला होतात."

"आहे ते अजून?"

"पेटीत."

"बघू."

ती उठली, हात पुसले, खाटेखालून पेटी ओढली. किल्ली कमरेलाच होती, कुलूप लागलेलंच होतं. आत सगळं घडी करून ठेवलेलं. स्वेटरची एक बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवलेली. निळ्या शर्टाचा खिसा सुटा. एक लाकडी कंगवा. टोपडं तळाशी होतं, मुठीएवढं, आणि त्याची कड गेलेली होती.

मिस्त्रींना वाटलं, आता ती किंचाळेल. तिनं टोपडं हातात घेतलं आणि कुणी लेकराची खोडी सांगावी तशी हसली.

"नेतोय थोडं थोडं. नेऊ दे. त्याचंच आहे."

"तुला माहीत होतं?"

"मी काय बहिरी आहे? रोज दुपारी ऐकते. तुम्हाला वाटायचं मी झोपते." ती स्वेटर पुन्हा घडी करू लागली. "तुम्ही सकाळी शिकवता तेही ऐकते. बरं केलंत हो. तेव्हा नुसते ओरडायचात."

मिस्त्री खाटेच्या कडेवर बसले.

स्वेटर तिनं विणलेला. शर्टाचा खिसा तिनं शिवलेला. केस तिनं कंगव्यातून वेचून ठेवलेले. टोपडं त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. त्या माशीत मिस्त्रींच्या ओळखीचा असा, बाप-लेकाचा असा, एकही धागा नव्हता. ना त्यांनी त्याला दिलेल्या टोपीतला, ना काठीच्या मुठीवरच्या दोरीतला. मागच्या खोलीत जे बसत होतं त्यानं आधी नीट बघून घेतलं होतं, आणि मग एक-एक वेढा घातला होता. मिस्त्रींसाठी नाही, तिच्यासाठी.

आणि ते बेंगरूळ होतं तेव्हा कुणाला फसवू शकलं नसतं. ते सुधारून दिलं कुणी?

बायको परत पायरीवर जाऊन बसली होती. गुणगुणत होती. तिचे गाल भरले होते, डोळ्यांत पाणी आल्यासारखी चमक होती. महिनाभर मिस्त्री ह्यालाच बरं होणं समजत होते.

७

त्याच संध्याकाळी त्यांनी टेबल मोडलं. पाय काढले, व्हाइस सोडवला, गळांच्या बाटल्या, पिसं, दोरे, कात्र्या एका पोत्यात भरल्या आणि पोतं गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ओतलं. डबीतल्या माश्या चुलीत जाळल्या. लोकर जळल्याचा वास आला, मग ओल्या मातीचा. खिडकीला आतून फळी ठोकली. खोलीला कुलूप घातलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "चांगलं झालं होतं टेबल," एवढंच शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री पडले नाहीत. खाटेवर बसून राहिले, तिच्याकडे तोंड करून. मागून आवाज आला नाही. अर्धा तास नाही, तास नाही. त्या शांततेत त्यांची मान एकदा छातीवर पडली असावी. घटकाभरच.

डोळे उघडले तेव्हा समोरची खाट रिकामी होती.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. कुलूप कोयंड्यात मिटलेलंच लटकत होतं. फळी जमिनीवर होती. तिचे चार खिळे शेजारी ओळीनं ठेवलेले. खिडकीतून ऊन येत होतं आणि बायको उन्हात उभी होती, पाठमोरी, पदर खांद्यावरून घसरलेला.

तिच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, हवेत ती माशी होती.

काल चुलीत गेलेली. ती एकदा थरथरली, थांबली, बोटभर मागं सरकली, पुन्हा थरथरली. तिच्या नेढ्यातून तंगूस निघून खिडकीबाहेर गेला होता. ऊन पडेल तिथं तो कोळ्याच्या धाग्यासारखा दिसायचा. अंगणावरून, भिंतीवरून, पुढं मोकळ्या रानाकडं. त्यापुढं दिसत नव्हता. त्या बाजूला नदी होती.

"अरे, किती भिजलास," बायको म्हणाली. आवाज तिशीतल्या बाईचा होता. "ये. इकडं ये. पुसते डोकं."

मिस्त्रींनी हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. त्यांनी तिचा खांदा धरला, तर खांदा दगडासारखा घट्ट. पाऊल पुढं पडत होतं. माशी तेवढीच मागं सरकली. आमिष माशापासून कधी किती दूर न्यायचं ते जाणणारा हात होता तो. बायकोनं दोन्ही हात उचलले, लहान मुलाचं तोंड ओंजळीत धरतात तसे.

कात्री उकिरड्यावर होती. कात्रीनं तो तंगूस तुटला असता असंही मिस्त्रींना वाटलं नाही. त्यांनी तिच्या हातांखालून आपला उजवा हात घातला आणि ती माशी मुठीत धरली. आवळून धरली. गळ तळहातात शिरला, उलटा काटा मांसाच्या आत गेला आणि वळला. ओल्या स्वेटरचा वास आला. एक क्षण, एकच क्षण, त्यांच्या मुठीत थंड, ओलं, माणसाच्या बोटांसारखं काहीतरी होतं, आणि त्यानं त्यांची मूठ धरली होती.

बायकोचे हात खाली आले. तिनं इकडं तिकडं बघितलं, पदर सावरला.

"अहो, मी इथं काय करतेय?" मग तिचं लक्ष गेलं. "हाताला काय झालं? रक्त आहे."

"खिळा लागला."

"बघू."

"काही नाही. तू चहा टाक."

"आधी हात—"

"चहा टाक म्हणतो ना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या नऊ वर्षांतलं, थकलेलं, सुरकुतलेलं तोंड परत आलं होतं. मिस्त्रींनी ते नीट बघून घेतलं.

"ओरडू नका," ती म्हणाली. "टाकते. हळद आणते हाताला." ती गेली. ओट्यावर पातेलं वाजलं, नळ सुटला, काडी ओढल्याचा आवाज आला.

तंगूस सैल पडला. मिस्त्री हलले नाहीत. सैल पडला म्हणजे सुटलो असं मासा समजतो, आणि तिथंच फसतो. मग तो हळूच ताणला गेला. हिसका नाही, झटका नाही. त्यांचा हात खांद्यापर्यंत वर उचलला गेला, खिडकीच्या दिशेनं, आणि तिथं थांबला. त्यांना एक पाऊल टाकायला वेळ दिला गेला.

त्यांनी पाऊल टाकलं.

पलीकडचा हात घाई करत नव्हता. शिकवलेला हात होता.